मी बेमोल्ले

पानामागे ऐंशी लिरा मिळायचे मला,
रात्री बारानंतर नव्वद.
आदेल्मो बेर्तात्सोली पेन्सिलीनं लिहायचा,
साखर संपल्यावर पांगलेल्या मुंग्यांसारखे सूर.
मी ते शाईनं सरळ करायचे,
व्हायोलिनचं वेगळं, हॉर्नचं वेगळं,
सकाळी नऊला वादक खुर्च्या ओढायच्या आत.

खिशात बापाचं स्टॉपवॉच.
बाप सायकल शर्यतींची वेळ लावायचा
पो नदीच्या काठी, धुक्यात,
जिथे स्वार दिसायच्या आधी
साखळ्यांचा आवाज यायचा.
पोरगं शेजारी उभं. ते तिथेच शिकलं
न दिसणाऱ्या गोष्टीला कान लावायला.
पुढे बंदीच्या दिवसांत, रजईखाली रेडिओ घेऊन,
समुद्रापलीकडचा जॅझ.

रोममध्ये त्यानं चित्रपट केले, एकशे चार.
घोडेस्वार, तीन जोगिणी, एक गळा दाबणारा,
पुन्हा घोडेस्वार.
खून: चौतीस सेकंद.
चुंबन: एकोणीस, कारण दिग्दर्शकाला घाई.
वाळवंट मात्र हवं तेवढं.

आणि रात्री, नदीपल्याडच्या तळघरात,
दिवसा अँब्युलन्स चालवणारा एक ड्रमर घेऊन
तो पियानोला बसायचा.
आधी स्टॉपवॉच माझ्या टेबलावर ठेवायचा.
'सांभाळ, नीवेस. चालू नको करूस.'
मग एकच धून तासभर,
घरी जायला नको असलेल्या माणसासारखी.

चौसष्टचा फेब्रुवारी. वीज गेलेली.
मेणबत्तीच्या उजेडात, पहाटे तीनला,
क्लॅरिनेटच्या ओळीत, नवव्या मात्रेवर
गांधारापुढे माझ्या हातून चिन्ह पडलं.
शुद्धाचा कोमल झाला.
आमच्याकडे गांधाराला म्हणतात मी,
आणि उतरलेल्या गांधाराला मी बेमोल्ले.

पडद्यावर एक विधवा पेला विसळत होती,
बासष्ट सेकंद.
क्लॅरिनेटवाल्यानं लिहिलं होतं तेच वाजवलं.
आदेल्मोचा हात थांबवायला वर गेला
आणि वरच राहिला.
पेला विसळून झाला. कुणी खोकललं नाही.
निर्मात्यानं विचारलं, 'हे असंच आहे?'
'लिहिलंय तसं आहे,' तो म्हणाला.

मग पेपरांतून आलं: बेर्तात्सोलीचा तो एक सूर.
मग बक्षीस.
भाषणात त्यानं आभार मानले
निर्मात्याचे, वादकांचे, कैलासवासी बापाचे.
मी तिसऱ्या रांगेत होते, उसन्या हातमोज्यांत.
टाळ्या वाजवल्या. हातमोज्यांतून आवाज होत नाही.

त्या आठवड्यात तळघरात गेले नाही.
पुढच्या आठवड्यात गेले.
त्यानं तीच धून काढली,
नवव्या मात्रेपाशी आला,
आणि बोट हवेत धरून
माझ्या टेबलाकडे बघत राहिला.
ड्रमर एकटाच चालत राहिला, चार मात्रा, आठ.
मी मान हलवली नाही.
त्यानं शुद्ध लावला.

हे चाललं बावीस वर्षं.
कधी मी हो म्हणायचे, कधी नाही.
याच्यापलीकडे काही नव्हतं. त्याची बायको भली होती,
नाताळला मला खजुराचा डबा पाठवायची.

मग एक मशीन आलं, ते शंभर वादक व्हायचं
आणि जेवायला सुट्टी मागायचं नाही.
आधी मी रिकामी झाले, मग तो.
त्याचा उजवा हात कापायला लागला. तळघरात
आता चपला विकतात.

परवा बोलोन्याहून एक मुलगी आली,
प्रबंधासाठी. शहाणी, नखं कुरतडलेली.
पेन्सिलीचा कागद आणि शाईचा कागद
तिनं माझ्या जेवणाच्या टेबलावर शेजारी ठेवले.
'इथे शुद्ध आहे, इथे कोमल.
एवढा मोठा निर्णय
शेवटच्या क्षणी कुणी घेतला?'

खणात स्टॉपवॉच होतं. अजून चालतं,
चालू केलं तर.

'मी,' मी म्हणाले.

तिला वाटलं, सुराचं नाव सांगतेय.
'हो, हो, मी बेमोल्ले,' ती म्हणाली,
आणि वहीत नीट लिहून घेतलं.